गाडी अ‍ॅव्हरेज देईना

सोमवार, ४

आज परत पंपावर. गुरुवारी टाकी फुल केली होती आणि आज काटा तळाला. पंपावरची बाई नळी लावता लावता म्हणाली, "काकू, तुम्ही आता इथेच एक खुर्ची टाका." मी हसले. हसायला काही पेट्रोल लागत नाही.

घरी येऊन हिशोब मांडला. लिटरला साडेनऊ. हे शिकवायचे तेव्हा हीच गाडी, हेच रस्ते, असेच धडपडणारे शिकाऊ, आणि तरी तेराच्या खाली कधी आली नाही. दोन वर्षांपासून ह्यांच्या जागेवर मी बसते, तेव्हापासून ही बया नुसती ढोसते. माझ्याशीच हिचं काय वाकडं आहे कोण जाणे.

संध्याकाळी टायवाला आला. चौकातल्या नव्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक. भर उन्हात टाय लावून हिंडतो, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव तेच पडलंय. त्याला आमची गाडी हवी आहे आणि गाडीबरोबर आमच्या स्कूलचं नाव. म्हणाला, "काकू, ह्या वयात कशाला एवढी दगदग? माझ्याकडे थिअरी शिकवा. आरामात खुर्चीत बसून." खुर्चीत बसून म्हटल्यावर मला रडूच येईल असं वाटलं, इतकी दमले होते. महिनाअखेरीस सांगते म्हटलं. ह्यांना काही बोलले नाही. ते आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, आधी पेट्रोल कुठे जातंय ते शोध, मग विकायचं बघ. एकेक उपाय कर आणि लिहून ठेव." वर धुराचं ऐकवलं, कमी जाळशील तर हवेतही कमी विष जाईल. बरं बाबा. म्हणून ही वही.

मंगळवार, ५

टायरमध्ये हवा भरून घेतली. चारही चाकं मऊ झाली होती. दर आठवड्याला बघत जा, असं हवावाला म्हणाला.

डिकी उपसली. रस्त्यावर मांडायचे शंकू, जुन्या बॅटऱ्या, पाण्याचा कॅन, ह्यांची हत्यारांची पेटी, एक चटई, एक छत्री, दुसरी छत्री. एवढं ओझं घेऊन गाडी रोज गावभर हिंडत होती. पेटी उचलताना कमरेतून कळ आली. सगळं जिन्याखाली रचून ठेवलं.

एसी बंद. शिकाऊंना म्हटलं, काचा खाली करा, रस्त्याचे आवाज ऐकू आले पाहिजेत. आवाजाचं खरं आहे, पण खरं कारण पेट्रोल. सिग्नल लांबला की इंजिन बंद करायला लावते. एक जण घाबरून परत चालूच करेना आणि मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

गुरुवार, ७

नर्सबाई सकाळी साडेसहाला येते, ड्युटीच्या आधी. घरोघर जाऊन आजाऱ्यांच्या जखमा बांधते, इंजेक्शनं देते. तिच्या संस्थेने लांबच्या वस्त्यांसाठी गाडी घेतली आहे, पण चालवणारीकडे परवाना पाहिजे. ह्या महिन्यात मिळाला तर काम हिचं, नाहीतर दुसऱ्या मुलीचं. तिचं सगळं घर तिच्या पगारावर आहे. आणि दोनदा नापास झाली आहे. दोन्ही वेळा एकच चूक, थांबायच्या पांढऱ्या रेघेवरून गाडी सरळ पुढे.

परीक्षा घेणारा इन्स्पेक्टर मला म्हणाला होता, "तुमच्याकडच्या पोरांना चालवता येतं, थांबवता येत नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज तिला विचारलं, "रेघ दिसते, मग पाय का नाही घालत ब्रेकवर?" म्हणाली, "काकू, काय माहीत. मला वाटतं गाडी थांबेल." अगं, गाडी काय आपोआप थांबते?

शिवाय तिची एक नवीनच तक्रार. "माझा पाय पोचायच्या आधीच ब्रेक खाली गेलेला असतो." शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो, सळईने तिच्या पेडलना जोडलेला. मी दाबला की तिचाही दबतो. पण तो अडीनडीला, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगते. तिला म्हटलं, नवीन माणसाला असे भास होतात.

तिला जादा तास फुकट देते आहे. पेट्रोल माझं. ठरवून टाकलं आहे, ही तिसऱ्यांदा नापास झाली तर टायवाल्याला हो म्हणायचं. शिकवता येत नाही आणि गाडी परवडत नाही, मग कशासाठी ताणायचं?

रविवार, १०

टपावरचा स्कूलचा बोर्ड काढला. मुलाने सांगितलं होतं, एवढी उभी पाटी वाऱ्याला अडते, इंजिनाला तेवढा जोर जास्त लागतो. चार नट काढायला अख्खी सकाळ गेली, गंजले होते.

दुपारी हे अंगणात आले. रोज एकदा गाडीवरून हात फिरवतात, बॉनेटपासून डिकीपर्यंत. काचबिंदूने आधी बाजूचं दिसणं गेलं, आता समोरचंही पुसट झालंय. हात टपावर गेला आणि तिथेच राहिला. चाचपत बसले बिचारे. मी सांगितलं, पेट्रोल वाचावं म्हणून काढला. "बरं केलंस," म्हणाले. मग म्हणाले, "ठेवलास कुठे?" जिन्याखाली म्हटलं. जाऊन त्याला हात लावून आले. मला अगदी कसंतरी झालं, पण परत चढवायचं त्राण नव्हतं.

मंगळवार, १२

गॅरेज. ब्रेक पॅड संपले. अहो, दिवाळं काढायचं म्हणजे किती, आत्ताच तर बदलले होते. गॅरेजवाला चाकाला हात लावून म्हणाला, "तापलंय बघा. कुणाचा तरी पाय ब्रेकवर ठेवलेला असतो. गाडी ओढायची पण आणि धरायची पण, मग पेट्रोल जाणारच."

मी म्हटलं, कुणाचा म्हणजे, शिकाऊंचा. दुसरं कोण आहे गाडीत? तो काहीतरी बोलणार होता, पण मी पैसे मोजायला लागले, मग गप्प बसला.

आता एकेकाला ताकीद. आज तिघांना झापलं. ब्रेकवरचा पाय काढा म्हणून ओरडले तर एक जण म्हणाला, "काकू, माझा पाय खालीच आहे." खोटं बोलतात आणि वर चेहरा बघा किती साळसूद.

बुधवार, १३

उजव्या पोटरीत गोळे येतात. वय झालं. उजव्या चपलेचा तळही झिजून पार कागद झालाय, डावी अजून नवी कोरी. चपला शिवणारा म्हणाला, एका पायावर चालता काय? आजकाल कुणी काही धड बनवत नाही.

शनिवार, १६

मागून स्कूटरवर एक बाई आली, काचेशी येऊन म्हणाली, "मॅडम, तुमच्या गाडीचे मागचे लाल दिवे कायम पेटलेले असतात. मला कळतच नाही तुम्ही थांबताय की चाललाय." वायरिंगमध्ये घोळ. दुपार तिथे गेली. इलेक्ट्रिशियनने सगळं तपासलं, म्हणे वायरिंग ठणठणीत आहे. त्याचे पैसे दिलेच. सगळे मिळून मला वेडी ठरवणार आहेत.

अ‍ॅव्हरेज दहा. हवा, डिकी, एसी, बोर्ड, सिग्नल, एवढं सगळं करून हाताला लागलं काय, तर अर्धा लिटरसुद्धा नाही. म्हणजे अर्धा किलोमीटर. दमल्यावर मला किलोमीटर आणि लिटरही वेगळे सुचत नाहीत.

मंगळवार, १९

टायवाल्याचा फोन. मी म्हटलं, अजून महिना संपला नाही. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काकू, काळजी वाटते म्हणून बोलतो." मला वाईट हे वाटलं की त्याला खरंच काळजी असावी.

रात्रीच्या जेवणाला हे म्हणाले, "नर्सबाईच्या तासाला मी येऊ का एकदा? मागे बसेन. बोलणार नाही." दोन वर्षांत गाडीत बसले नव्हते. दवाखान्यात जायचं तरी रिक्षा करतात. मी म्हटलं, माणसाचं वजन वाढलं की पेट्रोल वाढतं. चेष्टेत म्हटलं. ते म्हणाले, "मी हत्यारांच्या पेटीपेक्षा हलका आहे."

गुरुवार, २१

हे मागे बसले. नर्सबाई "काका, सांभाळून घ्या हं," म्हणाली आणि निघाली. बाजाराच्या रस्त्याने गेलो, पूल ओलांडला, शाळेवरून वळसा. हे डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले.

परत येताना चढावर गाडी कुंथायला लागली. हे म्हणाले, "पोरी, तुझा उजवा पाय कशावर आहे?"

"अ‍ॅक्सिलरेटरवर, काका."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग ब्रेकवर कुणाचा आहे? गाडी पुढे ओढतेय आणि कुणीतरी मागे धरलंय. एका पायाने दोन पेडल काही कुणी दाबत नाही."

मग ह्यांनी माझ्या सीटच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "अगं, तुझा पाय कुठे आहे?"

मी खाली बघितलं. ब्रेकवर होता. असा दाबून की चपलेतला अंगठा पांढरा पडला होता. मला माहीत नव्हतं. देवाशपथ, मला माहीत नव्हतं.

काढला. गाडीने चढावर एकदम उडी घेतली आणि नर्सबाई किंचाळली. माझा पाय परत तिथे. तो मी ठेवला नाही, तो गेला.

शुक्रवार, २२

काल घरी आल्यावर बोलू नये ते बोलले. लिहितेच आता.

दोन वर्षांपूर्वी हे शिकवत असताना डावीकडून एक सायकलवाला आला. शिकाऊने ब्रेक दाबला नाही आणि ह्यांनीही दाबला नाही. माणूस वाचला, पण त्याचा पाय आजही वाकडा पडतो, मला भाजीच्या गाड्यापाशी दिसतो कधीकधी. त्यानंतर डोळे तपासले तेव्हा कळलं की ह्यांना बाजूचं काही दिसतच नव्हतं. कधीपासून, ते ह्यांनाही सांगता आलं नाही.

काल मी म्हटलं, "तुमचा पाय तेव्हा वेळेवर पडला असता तर माझा असा चोवीस तास पडून राहिला नसता."

ते म्हणाले, "हो." एवढंच. उठून आत गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

आज तीन तास होते. तिन्ही तासांना पायाकडे बघत बसले आणि रस्ता राहिला बाजूला. काढते आणि दोन मिनिटांनी बघते तर परत तिथे. म्हणजे एवढ्या पोरांना मी झापलं, ती खरं बोलत होती. आणि नर्सबाईला दोनदा नापास केलं ते कुणी? तिला वाटायचं गाडी थांबेल. थांबतच होती की रोज. परीक्षेला शेजारी इन्स्पेक्टर बसतो, त्याला काय पडलंय तिच्यासाठी ब्रेक दाबायचं.

शनिवार, २३

सकाळी चहाला हे आपणहून बोलले. "त्या दिवशी मी ब्रेक दाबला नाही, कारण मला तो दिसलाच नाही. तुला दिसतंय. दिसत असताना एवढं भ्यायचं कारण नाही."

मी म्हटलं, पाय ऐकत नाही.

"मग त्याला तिथे नेऊच नको. उद्या मोकळ्या मैदानावर चल. मांडी घालून बस."

मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत.

मग मी पुष्कळ वेळ रडले. त्यांनी चहा परत गरम करून आणला, अंदाजाने, थोडा सांडत. मी परवाच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. म्हणाले, "खोटं थोडंच बोललीस?" ते मला जास्त लागलं.

रविवार, २४

मैदान सुटीमुळे रिकामं होतं. हे मागे. नर्सबाईला सांगितलं, आजपासून माझा पाय तुझ्या मदतीला नाही. ती म्हणाली, "म्हणजे आतापर्यंत होता?" मी म्हटलं, होता. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला रागवायचा पूर्ण हक्क होता. पण ती हसायला लागली, मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "काकू, मला वाटायचं माझं डोकं फिरलंय. आजाऱ्यांना इंजेक्शन देताना हात थरथरायला लागला होता माझा, आपल्याला काही जमत नाही म्हणून."

मी तिच्या हातात किल्ली दिली.

चपला काढल्या, पाय वर घेतले, सीटवर मांडी घातली. गुडघा दाराला टेकला. आयुष्यात इतकं उघड्यावर बसल्यासारखं कधी वाटलं नाही.

समोर शंकू मांडले होते. पहिल्यांदा तिने दोन शंकू सरळ उडवले. मी मांडी सोडली नाही, फक्त नखं रुतली स्वतःलाच. दुसऱ्यांदा एक उडवला. मग फारच लवकर थांबली, पार अलीकडे. मग हळूहळू यायला लागलं. मधेच म्हणाली, "काकू, गाडी किती हलकी चालते हो." मागून हे म्हणाले, "अशीच होती ती."

ऊन डोक्यावर येईपर्यंत तेच. मी फक्त बसले होते आणि तरी नांगर ओढल्यासारखी दमले.

मंगळवार, २६

रस्त्यावर मांडी घालून चालत नाही, उद्या खरंच वेळ आली तर? ह्यांनी तोड सांगितली. पाय खाली, पण पेडलच्या बाजूला, टाच टेकलेली. गरज पडली तरच जायचं. "गरज म्हणजे काय ते तू बघून ठरव, पायाने ठरवायचं नाही."

बाजारात एक हातगाडीवाला आडवा आला. पाय अर्धा उचलला होता, तेवढ्यात नर्सबाई थांबली. स्वतः. हातगाडीवाला शिव्या देऊन निघून गेला, तिच्या कपाळावर घाम, आणि मी पाय हवेत धरून बसलेली. मग तिने पहिला गिअर टाकला.

पंपावर टाकी भरली. लिटरला बारा. पंपावरची बाई म्हणाली, "काकू, बरेच दिवस दिसला नाहीत." परवा परीक्षा आहे. जेवण जात नाही.

गुरुवार, २८

परीक्षेच्या मैदानाला जाळी आहे, बाकीच्यांनी बाहेर उभं राहायचं. हेही आले. मी जाळी धरून उभी, हे माझा दंड धरून.

आमची गाडी निघाली. शेजारी इन्स्पेक्टर, हातात कागद, खिडकीबाहेर बघत. वळण घेतलं, चढावर उभी केली, परत निघाली, मागे घेतली. मग शेवटचा सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाला ती पांढरी रेघ. गाडी यायला लागली. मला जोरात येतेय असं वाटलं. खरं म्हणजे बेतानेच येत होती.

माझा उजवा पाय मातीत दाबला गेला. मी बघत होते आणि मला तो आवरला नाही. ह्यांना दंडावरून कळलं असणार.

"रेघ आली?" त्यांनी विचारलं.

"आली."

"मग?"

"थांबली."

"कुणी थांबवली?"

मग म्हटलं, "तिने."

त्यांनी माझा दंड सोडला आणि चष्मा काढून पुसत बसले, त्या चष्म्यातून आता काही दिसत नाही तरी.

नर्सबाई परवाना हातात घेऊन आली तेव्हा आधी ह्यांच्या पाया पडली. मग मला मिठी मारली आणि किती वेळ सोडलं नाही. नंतर किल्ली वाजवत म्हणाली, "आता दोघं मागे बसा. मी नेते घरी."

मागे बसले. ह्या गाडीच्या मागच्या सीटवर मी कधी बसले होते ते आठवत नाही. पायाशी नुसती चटई, पेडल नाही, काही नाही. बाजारापर्यंतचं आठवतं. पुलाचं आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा गाडी आमच्या दारात उभी होती, इंजिन बंद. माझं डोकं ह्यांच्या खांद्यावर. पुढे नर्सबाई स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसली होती, तिची ड्युटीची वेळ होऊन गेली असणार. दोघांनी मला उठवलं नव्हतं.

हे कुजबुजत म्हणाले, "तुझा फोन वाजला, मी घेतला. तो टायवाला होता. गाडीचं काय ठरलं विचारत होता."

मला एकदम जाग आली. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. रेडिओ काही तितका मोठा नव्हता." मग म्हणाले, "त्याला सांगितलं, ती झोपलीय, उठली की विचारून कळवतो. काय कळवू?"

मी म्हटलं, "नाही म्हणून कळवा. पण मग कळवा. आत्ता अजून थोडा वेळ इथेच बसू या."